रिफंड किती ते न सांगणारा माणूस

जुलै लागला की मला मेसेज यायला लागतात. "रिटर्न कुणाकडे भरू?" "पेणचे ते काका अजून बसतात का?" "रिफंड चांगला काढून देणारा कोण हाय का?" ह्या तिसऱ्या मेसेजला मी उत्तरच देत नाय, कारण मला लगेच काकांचा चेहरा दिसतो. त्यांच्यासमोर कुणी रिफंड हा शब्द काढला की काका आधी चष्मा काढायचे, सदऱ्याच्या टोकाने पुसायचे, परत घालायचे आणि शांतपणे म्हणायचे, "हात बघणारा मागच्या गल्लीत बसतो. इथे फॉर्म भरतात."

आणि एक माणूस खरंच उठून मागच्या गल्लीत गेला होता. मी बघितलाय.

काका आता बसत नाहीत. स्क्रीनवरचा तीन आणि आठ सारखा दिसायला लागला त्या दिवशी त्यांनी काम बंद केलं. हातातली कामं संपवली नाहीत की काय नाय, सगळ्यांना फाईली परत. "ज्याला दिसत नाय त्याने सही करायची नाय," एवढंच म्हणाले. त्यामुळे मेसेज करणाऱ्यांना मी काकांचा पत्ता देऊ शकत नाय. पण काका कसे होते ते सांगू शकते. नीट वाचलंत तर तुमचा माणूस तुम्हाला सापडेल.

तर काकांची जागा पेणमधे, एका गणपतीच्या कारखान्याच्या माळ्यावर. रिटर्नची शेवटची तारीख जुलैमधे आणि कारखान्याची घाई पण जुलैमधेच, म्हणजे जिन्याच्या प्रत्येक पायरीवर गणपती वाळत ठेवलेले, अजून डोळे न काढलेले. अंग चोरून वर जायचं. ओढणी जरा इकडेतिकडे झाली की खालून कारखान्यातला कुणीतरी मान वर न करता म्हणायचा, "ताई, सोंड सांभाळा."

काकांनी ह्याच कारखान्यात पंचवीसेक वर्षं ऑर्डरची वही लिहिली होती. मग रीतसर परीक्षाबिरीक्षा देऊन माळ्यावर फॉर्म भरायला बसले, पण भाषा कारखान्याचीच राहिली. कंपनीने दिलेला पगाराचा दाखला म्हणजे माती. फॉर्म म्हणजे साचा. आकडे तपासणं म्हणजे घासकाम. आणि सगळं झाल्यावर मोबाईलवर ओटीपी येतो, तो टाकला की रिटर्न पक्कं होतं, त्याला काका म्हणायचे आखणी. पेणमधे मूर्तीचे डोळे काढण्याला आखणी म्हणतात. सगळ्यात शेवटी करतात, आणि तो हात वेगळा असतो, रंग मारणारा प्रत्येक जण आखणीला बसत नाय.

"साचा माझा, रंग माझा, आखणी तुमची," काका म्हणायचे आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायचे. तुम्ही ओटीपी टाकून "झालं" म्हणेपर्यंत ते भिंतच बघणार. एकदा एका माणसाने सवयीने सहा आकडे मोठ्याने वाचून दाखवले, तर काकांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. म्हणाले, "हा गेला. मी ऐकला. दुसरा मागवा." तो माणूस म्हणे, "अहो, मी तुम्हालाच तर सांगतोय." काका म्हणाले, "तेच चुकतंय."

फी दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेली. शिक्षकाला तीच, डॉक्टरला तीच, रिफंड येवो नाहीतर खिशातून भरावे लागोत, तीच. पावती कार्बन घालून. एकदा कुणी खूश होऊन पेढ्यांचा बॉक्स आणला, तर काकांनी एक पेढा खाल्ला आणि पावतीवर लिहिलं, "पेढे मिळाले, अर्धा किलो, पैकी एक खाल्ला." बाकीचे खाली कारखान्यात पाठवले.

त्यांच्याकडे जायला लोक टाळायचे त्याचं खरं कारण प्रश्न. फॉर्म भरायला आलोय की मुलगी दाखवायला, असं वाटायचं. मी बाकावर बसलेली असताना एक गुरुजी आले होते. टॅक्स कमी व्हावा म्हणून घरभाडं दाखवायचं म्हणाले. कुणाला देता, तर बायकोला, घर तिच्या नावावर आहे. काकांनी त्यांच्याच फोनवरून बायकोला फोन लावायला सांगितला. स्पीकर चालू.

"वहिनी, गुरुजी भाडं वेळेवर देतात ना?"

वहिनी म्हणाल्या, "कसलं भाडं? गॅसचं सिलिंडर पण मीच आणते."

गुरुजींनी फोन घेतला, भाड्याचा कागद घेतला, दोन्ही खिशात घातलं. काका म्हणाले, "चला, घासकाम झालं."

तरी पहिल्या वर्षी मी गेले ते रोह्याच्या एका फॉर्म भरणाऱ्याकडे, ज्याला सगळे रिफंडदादा म्हणायचे. आता तुम्ही म्हणाल, एवढा माणूस पेणमधे असताना तू त्याच्याकडे गेलीसच कशाला? सांगते. मी कासूची. आमचं स्टेशन बरोबर मधे, एका बाजूला पेण, दुसऱ्या बाजूला रोहा, आणि माझी नोकरी रोह्याच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमधे. पहिलं वर्ष. पगारातून टॅक्स कापला गेला तर मला कुणी खिशात हात घातल्यासारखं वाटलं. माझ्याबरोबर शिफ्टला नित्या आहे, निडीचा, तो म्हणाला, "रिफंडदादाकडे चल. अख्खी शिफ्ट जाते. सगळा परत येतो."

रिफंडदादाचं ऑफिस म्हणजे काय सांगू. एसी. गेल्या गेल्या थंड सरबत. भिंतीवर मोठ्ठा बोर्ड, "रिफंड नाही तर फी नाही." फी म्हणजे जेवढा रिफंड त्याचा पाचवा हिस्सा. मला तर वाटलं, किती प्रामाणिक माणूस, आपलं काम झालं तरच पैसे घेतो. आणि प्रश्न कसे, अगदी घरच्यासारखे.

"मॅडम, घरी कोण कोण?"

"आई आणि बाबा."

"बाबा काय करतात?"

"शेती. भात, नंतर वाल."

"तब्येत कशी त्यांची?"

"बरी आहे. गुडघा दुखतो अधूनमधून."

"झालं तर मग," रिफंडदादा एकदम खूश होऊन म्हणाला. "बाबांचं आधार व्हॉट्सॲप करा."

मी केलं. मला वाटलं, केवढ्या काळजीने विचारतोय.

दोन दिवसांनी कॅन्टीनमधे असताना त्याचा फोन, ओटीपी सांगा. माझ्या एका हातात वडा, मी सहा आकडे सांगून टाकले. रिफंड आला, एकतीस हजार. त्याचा हिस्सा दिला, उरलेले स्कूटीच्या डाउन पेमेंटला घातले. बाबांनी स्कूटीला स्वतः झेंडूचा हार घातला आणि शेजारच्यांना सांगितलं, "पोरीचे सरकारकडून पैसे आले." म्हणजे काहीतरी बक्षीस मिळाल्यासारखं.

दुसऱ्या वर्षी गेले तर एसी ऑफिसला कुलूप. बाजूचा म्हणाला, गावाला गेलेत, येतील. तीन वेळा गेले, तीन वेळा कुलूप, फोन बंद. तारीख तर जवळ आली. म्हणून मी ओढणी सांभाळत काकांचा जिना चढले.

काकांनी पहिलंच विचारलं, "पासवर्ड?"

"तो रिफंडदादाकडे आहे."

"म्हंजे घर तुझं, चावी त्याच्याकडे." त्यांनी नवीन पासवर्ड माझ्याकडून टाकून घेतला, अर्थात भिंतीकडे बघत. मग आतलं पान उघडलं. "हा ईमेल कुणाचा?"

माझा नव्हता. त्याचाच होता. काकांनी मागच्या वर्षीचं रिटर्न छापलं आणि माझ्या हातात दिलं. "वाच. मोठ्याने, मराठीत सांग काय लिहिलंय ते."

मागे बाकावर दोन जण नंबर लावून बसलेले. मी वाचायला लागले. नाव, पगार, सगळं बरोबर. मग एक रकाना आला आणि माझं वाचन बंद पडलं.

"वाच ना गो."

"अवलंबून असलेली व्यक्ती, वडील," मी वाचलं. "अपंगत्व. तीव्र. ऐंशी टक्के किंवा जास्त." खाली बाबांचा आधार नंबर.

"काय झालं बाबांना?"

"काय नाय."

"आत्ता कुठे असतील?"

"शेतात. लावणी चाललीय."

"लावणी कशाने करतात?"

"काका..."

"नाय, मी फॉर्मसाठी विचारतोय."

"हातापायांनी."

मागच्या बाकावरून एक म्हातारे हळूच म्हणाले, "अरेरे, अशा अवस्थेत." आणि दुसऱ्याला खोकला आला. तो खोकला खरा नव्हता.

"आता शेवटचं पान," काका म्हणाले.

शेवटच्या पानावर एक ओळ असते. ती सगळ्यांच्या रिटर्नमधे असते आणि कुणीच वाचत नाय. अमुक यांची मुलगी मी, गांभीर्यपूर्वक सांगते की वर लिहिलेलं माझ्या माहितीप्रमाणे खरं आहे. अमुकच्या जागी वडिलांचं नाव. म्हणजे ज्यांची मुलगी म्हणून मी शपथ घेतली, त्यांचेच पाय मी काढून घेतले होते. वडा खाता खाता.

"ही आखणी कुणी केली?" काकांनी विचारलं.

"मी."

"त्याचं नाव शोध ह्यात. रिफंडदादाचं."

मी सगळी पानं बघितली. पुढून, मागून. कुठेच नव्हतं. मी स्वतःच भरलंय असंच दिसत होतं. काकांनी शेजारच्या गठ्ठ्यातला कुणाचातरी कागद दुमडून फक्त खालचा कोपरा दाखवला. तिथे त्यांचं नाव, सही, शिक्का. "फॉर्ममधे जागा नसली तरी गिऱ्हाईकाच्या प्रतीवर मी सही करतो. उद्या काही निघालं तर कुणाच्या दारात जायचं हे त्याला कळलं पायजे."

मी म्हटलं, "काका, ह्या वर्षीचं नीट भरा ना. मागचं राहू दे."

काकांनी पेनाला टोपण लावलं. "मागच्या वर्षी बाप लुळा, ह्या वर्षी भात लावतोय. सरकारने औषधाचं नाव विचारलं तर काय सांगू?"

मग त्यांनी नोटिसांचं पान उघडलं. इतके दिवस काही पत्र आलं असेल तर ते रिफंडदादाच्या ईमेलवर गेलं असणार, मला पत्ताच नसणार. पान उघडायला वेळ लागत होता, नेट स्लो, ते गोल गोल फिरत होतं.

"आलेलं नाय," काका म्हणाले. "अजून."

त्यांनी समजावून सांगितलं, एकदाच, हळू. पत्र येऊन चौकशी सुरू व्हायच्या आत आपण होऊन चूक सुधारता येते. घेतलेले पैसे परत करायचे, त्यावर व्याज आणि वर साधारण पाव हिस्सा जास्त. चौकशी सुरू झाली की ते दार बंद. मग खोटं सांगितल्याचा दंड, तो जेवढा टॅक्स बुडवला त्याच्या दुप्पट होऊ शकतो.

"भरशील?"

"भरते. आरडी मोडते."

"बाबांना सांगितलंस?"

"त्यांना कशाला? फॉर्मला त्यांची सही लागते का?"

"फॉर्मला नाय लागत. मला ते समोर लागतात. आधार कुणाचं वापरलंय? सोमवारी त्यांना घेऊन ये, मग सुधारू."

"काका, मी हवं तर दंड दुप्पट भरते, पण बाबांना नको."

"दुप्पटचा दर कायद्यात हाय," काका म्हणाले. "बापापासून लपवायचा दर मला माहीत नाय. पुढचं कोण?"

म्हणजे चार दिवस. चार दिवसांत पत्र आलं तर दार बंद, आणि पत्र यायच्या आधी बाबांना सांगायचं. मला खरं सांगू का, पत्राची भीती कमी होती.

रोह्याच्या ट्रेनमधे नित्याला सांगितलं तर तो हसायलाच लागला. "काय नाय होत गो. अख्खी शिफ्ट हाय आपली, कुणाकुणाला पकडतील?" नित्याच्या रिटर्नमधे तो रोह्यात एका खोलीत भाड्याने राहतो. प्रत्यक्षात तो रोज निडीला स्वतःच्या घरून चढतो. त्याच खोलीत, त्याच मालकिणीला भाडं देऊन, आमच्या शिफ्टचे अजून अकरा जण राहतात. मी विचारलं, "बारा जण झोपता कसे?" तर म्हणे, "शिफ्टमधे."

पुढचं आत्ताच सांगून टाकते. दिवाळीच्या आधी त्या बारा जणांपैकी नऊ जणांना पत्रं आली. नित्याला पण. रिफंडदादाचं ऑफिस तोवर परत उघडलं होतं, तोच एसी, तेच सरबत, फक्त बोर्ड नवीन. "नोटीस आली? घाबरू नका." फी दंडाचा पाचवा हिस्सा. आणि आमची शिफ्ट परत त्याच्याकडेच गेली, कारण बाकी कुणाकडे गेलं तर तो प्रश्न विचारेल. नित्या मला म्हणाला, "त्याला आपली सगळी केस माहितीये ना."

तर बाबा. रविवारी सकाळी ते राबाच्या वाफ्यातून रोपांच्या जुड्या उपटून डोक्यावरून खाचरात नेत होते. मी बांधावर उभी राहिले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. आधार, रिफंडदादा, स्कूटी, सगळं. बाबांनी जुड्या खाली ठेवल्या.

"किती टक्के म्हणालीस?"

"ऐंशी."

"आणि हे तू लिवून दिलंस."

"मी वाचलं नव्हतं, बाबा."

"माज्या नावावर व्हतं तरी वाचलं नाय." ते परत जुड्या उचलायला वाकले. पुढे काहीच बोलले नाहीत. दुपारी नाय, रात्री नाय. फक्त जेवताना आईला विचारलं, "गो, मी लंगडतो काय?" आई म्हणाली, "कोण बोललं?" बाबांनी माझ्याकडे बघितलं पण नाय.

सोमवारी मी कंपनीत रजा टाकली. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, जो ते लग्नाला घालतात. स्कूटीवर बसायला नको म्हणाले, म्हणून गाडीने पेणला गेलो. जिन्यात त्यांनी चप्पल काढून हातात घेतली, गणपती आहेत म्हणून, आणि तसेच अनवाणी वर चढले.

काका उठून उभे राहिले. ते कुणासाठी उठत नसत. "बसा," म्हणाले.

"उभाच ऱ्हातो," बाबा म्हणाले. "कागदावर लय बसून झालं."

काकांनी सगळ्यात आधी नोटिसांचं पान उघडलं. काही नव्हतं. मग ह्या वर्षीचा साधा फॉर्म भरून बाजूला ठेवला आणि मागच्या वर्षीचा सुधारलेला छापून माझ्या हातात दिला. मी वाचला. तो रकाना आता रिकामा होता. एकेचाळीस हजार मी फोनवरून भरले. मग शेवटचं पान. अमुक यांची मुलगी मी, एवढं वाचलं आणि पुढचं वाचता येईना. बाबा बाजूलाच उभे, हातात चप्पल. काका म्हणाले, "घाई नाय." तिसऱ्या वेळेला मी पुरी ओळ वाचली.

"आता आखणी," म्हणून काकांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली. बाबांना वाटलं इथली रीतच असेल, ते पण भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला त्या दोघांच्या पाठी दिसत होत्या. मी ओटीपी टाकला.

"झालं."

दोघं वळले. बाबांनी काकांना विचारलं, "मंग आता मी बरा झालो काय?"

"सरकारदरबारी, हो," काका म्हणाले. "आजपासून."

"मंग निघतो. अर्धी लावणी ऱ्हायलीय." आणि कालपासून माझ्याशी न बोललेले बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "तू रजा टाकलीस ना? माज्या जोडीला उतर."

दुपारी मी सलवार गुडघ्यापर्यंत खोचून चिखलात उतरले. बाबांच्या शेजारी वाकून रोपं लावत गेले. माझ्या दोन ओळी वाकड्या गेल्या. बाबांनी मागे वळून बघितलं, दोन्ही ओळी उपटल्या आणि रोपं माझ्याच हातात परत दिली.